शिपायाचा साहेब होताना : गुहागरच्या एका जवानाला उत्तर

तुला अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. वयानं माझ्या धाकट्या मुलाएवढा आहेस आणि मीही एके काळी तुझ्यासारखाच मराठा लाइट इन्फंट्रीत शिपाई होतो. तुझा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो थोडक्यात मांडतो, म्हणजे तुझ्यासारख्या आणखी कुणाला वाचायचं असेल तर त्यालाही धागा लागेल.

तू गुहागर तालुक्यातला. वय पंचवीस, नोकरीला सहा वर्षं, नुकतीच लान्स नाईकची, म्हणजे शिपायाच्या वरच्या पहिल्या हुद्द्याची, फीत लागली. बारावी सायन्स, मराठी माध्यम, ५८ टक्के. ऑफिसर व्हायचं मनात आहे. अडचणी तू तीन लिहिल्यास : इंग्रजी येत नाही, पलटणीत बोललो तर पोरं हसतील, आणि घरचे म्हणतात पक्की नोकरी आहे, आता लग्नाचं बघ. मग शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीस. २०२१ च्या जुलैत सुट्टीवर आला होतास, चिपळूणला मावशीकडे होतास, पूर आला, आणि ‘आम्ही पोरांनी ड्रम बांधून अकरा माणसं काढली, पण त्याचा इथे काही संबंध नाही.’

मला विचारशील तर तुझ्या अख्ख्या प्रश्नात सर्वांत जास्त संबंध त्याच ओळीचा आहे. पण तिच्याकडे शेवटी येतो. आधी घड्याळाचं बोलू, कारण तुझी चौथी अडचण, जी तू लिहिलीच नाहीस, ती वयाची आहे.

फौजेत राहून अधिकारी होण्याच्या वाटा तीन-चार आहेत आणि प्रत्येकीच्या दारावर वयाची पाटी आहे. सीडीएस, म्हणजे थेट अधिकारी भरतीची परीक्षा, पदवीधरांसाठी. डेहराडूनच्या आयएमए या लष्करी अकादमीसाठी चोविशीपर्यंत, चेन्नईच्या ओटीए या प्रशिक्षण अकादमीसाठी पंचविशीपर्यंत. तुझ्याकडे पदवी नाही. आज मुक्त विद्यापीठात नाव घातलंस तरी पदवी हातात येईपर्यंत ते दार बंद झालेलं असेल. तेव्हा ते डोक्यातून काढ. तुझी वाट म्हणजे आर्मी कॅडेट कॉलेज, ज्याला आपण नुसतं एसीसी म्हणतो. वय वीस ते सत्तावीस, किमान दोन वर्षं नोकरी, शिक्षण बारावी. लेखी परीक्षा, मग एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळापुढची काही दिवसांची परीक्षा, मग मेडिकल. निवड झाली की तीन वर्षं डेहराडूनला शिक्षण, जेएनयूची पदवी, आणि त्यानंतर एक वर्ष आयएमए. पूर्वी हे कॉलेज आपल्या पुण्यातच होतं, १९७७ मध्ये डेहराडूनला गेलं.

एसीसी हुकलं तर अठ्ठावीस ते पस्तीस या वयात एससीओ, म्हणजे स्पेशल कमिशन्ड ऑफिसरची योजना आहे. त्याला पाच वर्षं नोकरी लागते, ती तुझी झालीच आहे. तिथे एसएसबी तीच, फक्त प्रशिक्षण एका वर्षाचं. त्याहूनही पुढे, दहा वर्षांवर नोकरी झालेल्या हवालदार आणि जेसीओंसाठी (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) बेचाळिशीपर्यंत स्पेशल लिस्टचं कमिशन, म्हणजे अधिकारीपद, आहे. म्हणजे तुझं सगळं काही सत्ताविशीला संपत नाही. पण वाट जितकी उशिरा धरशील तितकं पुढचं मैदान आखूड होतं. त्याचा हिशेब खाली मांडतो.

नौदलातल्या पोरांनी हे वाचलं तर त्यांच्यासाठी : तुमच्याकडे सीडब्ल्यूची, म्हणजे खलाशांतून अधिकारी निवडण्याची, योजना आहे, एसएसबी तुम्हालाही चुकत नाही, आणि प्रशिक्षण केरळात एझिमलाला. अग्निवीरांना माझा सल्ला एवढाच की चार वर्षं नुसती काढू नका. मुक्त विद्यापीठातून पदवी पूर्ण करा. बाहेर पडताना बहुतेकांचं वय बाविशी-तेविशीचं असेल, सीडीएसचं दार तेव्हा उघडं असतं.

आता तुझ्या तीन अडचणी. उलट्या क्रमानं घेतो, कारण घरच्यांची सर्वांत अवघड.

माझे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी गेली ती गेलीच. दोन वर्षं त्यांनी मुंबईत वाट पाहिली, मग गावी येऊन आंब्याच्या कलमांना पाणी घालत बसले. मी १९८४ मध्ये भरती झालो तो देशप्रेमानं वगैरे नाही, घरात मनीऑर्डर यायची बंद झाली होती म्हणून. त्यामुळे पुढे मी जेव्हा म्हटलं की एसीसीला बसतो, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, ‘पगार थांबेल काय?’ दुसरा प्रश्न : ‘सुभेदाराच्या वर आणखी काय असतं?’

दुसऱ्या प्रश्नाला मी तेव्हा हसलो होतो. आता हसत नाही. कोकणात फौज नवी नाही. महाडकडचं फौजी आंबवडे तर नावातच फौज घेऊन बसलंय. इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवून तिथेच पडलेले नाईक यशवंतराव घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. दापोलीला आजही म्हातारी माणसं ‘कॅम्प’ म्हणतात, कारण तिथे इंग्रजांचा तळ होता आणि निवृत्त सैनिकांची वस्ती होती. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ, मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे, ते सुभेदार होते. त्या पिढीला सुभेदारीच्या वर जिनाच नव्हता. डेहराडूनची अकादमीच निघाली १९३२ मध्ये. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या घरांनी जे छत पाहिलं ते सुभेदारीचं, आणि जे छत पाहिलं त्यालाच माणूस आभाळ समजतो. तुझ्या घरचे तुला मागे खेचत नाहीयेत. त्यांना वर काही आहे हे दिसतच नाही. आणि खरं सांगायचं तर गावात सुभेदारसाहेबांना जो मान आहे तो मला कर्नल होऊनही नाही. मला लोक अजून ‘अमक्याचा मुलगा, मिलिट्रीत होता तो’ असंच ओळखतात.

तेव्हा घरच्यांशी भांडू नकोस, त्यांना आकडे दे. एसीसीत असताना जवानाचा पगार चालू राहतो. आयएमएच्या वर्षात छात्राला स्टायपेंड मिळतो. सातव्या वेतन आयोगात शिपायाची सुरुवात २१,७०० वर, लेफ्टनंटची ५६,१०० वर. मिलिट्री सर्व्हिस पे शिपायाला ५,२०० आणि अधिकाऱ्याला १५,५००. आणि मधेच नाही जमलं, तर पलटणीत तुझ्या जुन्या हुद्द्यावर परत येतोस, रस्त्यावर येत नाहीस. आई-वडिलांना हे शेवटचं वाक्य सर्वांत आधी सांग. माझ्या आईला ते मी सर्वांत शेवटी सांगितलं आणि फुकटचे चार महिने रुसवा सहन केला.

लग्नाचं मी ठरवणारा कोण? पण चार वर्षं डेहराडूनला वसतिगृहात काढायची आहेत आणि घरी यायचं फक्त टर्म संपल्यावर, हे मुलीकडच्यांना आधी सांगावं लागेल. मी कमिशननंतर लग्न केलं. माझ्याबरोबरच्या एकाचं आधीच झालं होतं. त्याची बायको गुणाची म्हणून निभावलं.

पलटणीत हसण्याचं म्हणशील तर हो, हसतात. कंपनी हवालदार मेजरकडे मी जेव्हा पहिल्यांदा कंपनी कमांडरच्या इंटरव्यूची विनंती केली, तेव्हा त्यांनी अख्ख्या फॉलिनसमोर, म्हणजे रांगेत उभ्या कंपनीसमोर, मला ‘साहेब’ म्हणून हाक मारायला सुरुवात केली. लंगरात कुणी तरी माझ्या ताटाखाली पेपर अंथरला, ‘साहेबांना टेबलक्लॉथ’ म्हणून. महिनाभर चाललं. मग कंटाळले. थट्टेला आयुष्य महिन्याचं असतं. त्याच हवालदार मेजरांनी नंतर मला संध्याकाळच्या ड्युट्या बदलून दिल्या, अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून. तोंडानं कधी बोलले नाहीत.

खरी काळजी हसण्याची नाही, कागदांची कर. तुझी बारावी तुझ्या शीट रोलवर, म्हणजे नोकरीच्या नोंदींच्या कागदावर, चढली आहे का? भरतीच्या वेळी अनेकांची दहावीच लागते आणि बारावी ट्रंकेत राहते. ती पार्ट टू ऑर्डरमधून, म्हणजे नोंदीच्या अधिकृत हुकुमातून, छापून घ्यावी लागते, मार्कशीटची पडताळणी होते, आणि त्याला वेळ लागतो. मार्कशीटवरचं नाव आणि सर्व्हिस रेकॉर्डमधलं नाव एकच आहे ना? वडिलांच्या नावाच्या स्पेलिंगात एक ‘ए’ जास्त होता म्हणून माझ्या कंपनीतल्या एका हुशार पोराचं अख्खं वर्ष गेलं. मेडिकल शेप-वन, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, आहे ना? रेड इंक एन्ट्री, म्हणजे शिक्षेची नोंद, नाही ना? हे सगळं बाबूकडे, म्हणजे पलटणीच्या कारकुनाकडे, बसून या महिन्यात बघ. अर्ज कमांडिंग ऑफिसरच्या शिफारशीनं जातो, तेव्हा प्लाटून हवालदार, हवालदार मेजर, सीनियर जेसीओ, कंपनी कमांडर हा जिना एकही पायरी न गाळता चढ. गाळलेली पायरी दुखावते आणि नेमकी तिच्याच टेबलावर तुझा कागद अडतो.

पलटण कशी आहे, कुठे आहे यावर बरंच अवलंबून आहे हे मान्य करतो. शांततेच्या ठिकाणी असशील तर एज्युकेशन जेसीओ हाताशी असतो, बऱ्याच ठिकाणी तयारीचे कॅडर, म्हणजे वर्ग, चालतात. चौकीवर, बर्फात असशील तर पुस्तक उघडायलाही हात गरम करावे लागतात. आणि चांगला जवान हातचा जाऊ नये म्हणून कधी कधी शिफारस लांबते. हे मी कंपनी कमांडर म्हणून स्वतःही केलं आहे. ऑपरेशन तोंडावर असताना माझ्या उत्तम सेक्शन कमांडरला ‘पुढच्या वेळी जा’ म्हटलं होतं. तो गेला नंतर, झालाही. पण ते वर्ष मी त्याचं खाल्लं हे खरं. तुझ्यावर अशी वेळ आली तर वाद घालू नकोस. तारीख माग. ‘साहेब, या वेळी नाही तर कधी पाठवाल?’ वयाचा आकडा समोर ठेवून विचारलेल्या या प्रश्नाला चांगला अधिकारी टाळत नाही.

इंग्रजी. याबद्दल कोकणातली पोरं सर्वांत जास्त विचारतात आणि माझ्या मते ही तिन्हींतली सर्वांत हलकी अडचण आहे. लेखी परीक्षेत इंग्रजी, गणित, विज्ञान, सामान्य ज्ञान असतं. बारावी सायन्सवाल्याला नवं काही नाही, विसरलेलं आठवायचं आहे. एनसीईआरटीची नववी ते बारावीची पुस्तकं पुरतात. बोलण्यासाठी मी एक केलं ते तूही कर : रोज रात्री झोपण्याआधी इंग्रजीत सात-आठ ओळी. पण ‘माय व्हिलेज’, ‘माय फेव्हरिट लीडर’ असलं काही नको. आज दिवसभरात मी काय ठरवलं आणि का ठरवलं, एवढंच. पहिल्या आठवड्यात लक्षात येईल की इंग्रजी शब्द अडत नाहीत, लिहायला मजकूरच नाही. कारण दिवसभरात तू काही ठरवलेलंच नसतं. सगळं दुसऱ्यानं ठरवलेलं असतं.

आणि इथे आपण खऱ्या मुद्द्यावर येतो.

मी पहिल्या एसएसबीत नापास झालो. लेखी परीक्षा सुटली होती. आता पहिल्याच दिवशी चाळणी असते, बुद्धिमत्तेची चाचणी आणि एक धूसर चित्र : तीस सेकंद बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची, मग गटात सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. तिथूनच बरीच मुलं परतीची गाडी धरतात. माझी लेखी सुटली म्हणून मला वाटलं झालंच काम.

मग ग्राउंडवर गटाची कामं आली. फळी, बल्ली (लाकडी वासा) आणि दोर घेऊन अडथळे ओलांडायचे, जमिनीला पाय लावायचा नाही. मी काय केलं सांगू? बल्ली खांद्यावर घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही. कुणी म्हणालं ‘इथे लाव’, लावली. कुणी म्हणालं ‘गाठ मार’, मारली, आणि अशी मारली की तिच्यावरून हत्ती गेला असता. घामानं भिजलो. मला वाटलं, इतका कष्टाळू माणूस दुसरा नाही. मधेच मला दिसलं होतं की फळी उलट्या बाजूनं टेकवली तर दोन मिनिटांत काम होतं. पण बोललो नाही. गटात दोन कॉलेजची पदवीधर मुलं होती, इंग्रजी फाडत होती, मी म्हटलं त्यांना कळत असेल. त्यांना कळत नव्हतं. वेळ संपली.

शेवटच्या दिवशी निकाल सांगताना चेस्ट नंबर वाचतात. माझा वाचला नाही. बल्लीनं सोललेला खांदा घेऊन पलटणीत परतलो.

पलटणीत गेल्यावर ज्या कंपनी कमांडरनी मला पाठवलं होतं त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, ‘तू पाच दिवस उत्तम शिपाई होतास. तेवढ्यासाठी भाडं खर्चून तिकडे जायची गरज नव्हती.’ राग आला होता मला. पुढे वर्षभर ते वाक्य चावत बसलो आणि मग कळलं.

फौज जवानाला पहिल्या दिवसापासून एक गोष्ट शिकवते : ‘मी’ बोलू नकोस. आम्ही गेलो, आम्ही केलं, सेक्शननं केलं, पलटणीनं केलं. ते बरोबरच आहे, त्यावर पलटण उभी असते. त्यात आपण कोकणातले. आपल्याला घरातूनच सांगितलेलं असतं, आपण बरं आणि आपलं काम बरं. चारचौघांत पुढे होऊन बोलणारा आपल्याकडे आगाऊ. या दोन्हींचं मिळून असा माणूस तयार होतो ज्याला दिसतं सगळं, जमतं सगळं, पण तो बोलत नाही. आणि एसएसबीत बसलेल्या माणसांना मनातलं ऐकू येत नाही. ते पंधरा गुण तपासतात, त्यांतला पुढाकार हा गुण बोलल्या-केल्याशिवाय दिसत नाही. त्यांना तुझं ‘आम्ही’ नको आहे. त्या ‘आम्ही’मध्ये तू कुठे उभा होतास हे हवं आहे.

मानसशास्त्राच्या चाचणीतही तेच. एकामागून एक चित्रं, प्रत्येकावर गोष्ट. माझ्या पहिल्या वेळच्या जवळजवळ सगळ्या गोष्टींत शेवटी कुणीतरी साहेब यायचे आणि आदेश द्यायचे, मग नायक ते काम चोख करायचा. मला तेव्हा खटकलंही नाही. पंधरा सेकंदांना एक असे साठ शब्द येतात, त्यात ‘ऑर्डर’ सारखा शब्द आला की जवानाच्या हातून ‘ओबे’ आपोआप उमटतं. आता म्हणशील, मग खोटं लिहायचं का? नाही. क्लासवाले पाठ करून घेतात ती ‘धाडसी’ वाक्यं लिहू नकोस, ती माणसं रोज तेच वाचतात. आधी आयुष्यात ठरवायला लाग, मग लिहिण्यात ते आपोआप येतं. रात्रीच्या सात-आठ ओळींचं मी म्हटलं ते त्यासाठी. इंग्रजी हा त्यातला वरचा नफा.

लान्स नाईकला ठरवायला काय मिळतं, असं विचारशील. भरपूर. फायरिंगला निघताना सेक्शनच्या पोरांचा क्रम काय लावायचा, नव्या रिक्रूटला कुणाच्या शेजारची कॉट द्यायची, पाण्याची गाडी उशिरा येणार असेल तर आधी काय उरकायचं. आजवर हे तू करतोसच, पण ‘असंच असतं’ म्हणून करतोस. एकदा तरी थांबून दुसरा पर्याय काय होता ते बघ. मग हवालदाराकडे नुसता प्रश्न घेऊन जाऊ नकोस, प्रश्नाबरोबर एक तोडगा ने. तो नाही म्हणेल कदाचित. नाही म्हणाला तरी दोन दिवसांनी दुसरा घेऊन जा.

दुसऱ्या वेळी मी गेलो तेव्हा इंग्रजी फार सुधारलं होतं असं नाही. अडलो तिथे हिंदीत बोललो. पण पहिल्या अडथळ्यालाच म्हटलं, फळी इकडून लावू या. चुकलं ते. फळी आखूड पडली. मग म्हटलं, चुकलं, बल्ली आणि फळी जोडून बघू. ते जमलं. बल्ली या वेळीही मीच उचलली, कारण तेवढी ताकद माझ्याच खांद्यात होती. शिपाईपण सोडायचं नसतंच. ते तर तुझं भांडवल आहे. कॉलेजातून आलेल्या मुलाला साठ पौंडाचं ओझं घेऊन रात्र कशी जाते ते वाचून माहीत असतं, तुला पाठीवरून माहीत आहे. मुलाखतीत मला लंगराच्या हिशेबावर, जवानांच्या सुट्टीवर, घरून पत्र आलं नाही की बॅरकमध्ये काय होतं यावर विचारलं, आणि मी तासभर बोललो असेन. कारण तिथे मला कुणाची भीती नव्हती, मला ते त्यांच्याहून जास्त माहीत होतं.

कारवारजवळच्या चेंडिये गावचे रामा राघोबा राणे तुला ठाऊक असतील, आपल्याच किनाऱ्याचे. १९४० मध्ये बॉम्बे इंजिनिअर्समध्ये साधे सॅपर (इंजिनिअर्सचे शिपाई) म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर १९४७ मध्ये कमिशन मिळालं. चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८ मध्ये, नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबारात सुरुंग काढत, पाडलेली झाडं हटवत त्यांनी रणगाड्यांना वाट करून दिली. जिवंतपणी परमवीर चक्र मिळालेले ते पहिले. सेकंड लेफ्टनंटचा तारा चार महिन्यांचा होता, पण सुरुंग ओळखणारे हात सात वर्षांचे होते. एसीसी-एससीओतून येणाऱ्या माणसाकडे हेच असतं. ते लपवून कॉलेजच्या मुलाची नक्कल करायला गेलास तर दोन्हीकडून जाशील.

आता जे कुणी सांगत नाही ते. वरचा हिशेब मांडतो म्हटलं होतं तो. समज सव्विसाव्या वर्षी तू एसीसीत गेलास. तिसाव्या वर्षी लेफ्टनंट. तुझ्याबरोबर खांद्यावर तारे लावणारा, बारावीनंतर थेट एनडीएत गेलेला मुलगा एकवीस-बावीसचा असेल. तेरा वर्षांनी तू लेफ्टनंट कर्नल, तेव्हा त्रेचाळीस. त्यापुढचं कर्नलपद निवडीनं मिळतं. आणि निवड नाही झाली तर कालबद्ध कर्नल व्हायला सव्वीस वर्षं कमिशन लागतं. तोवर तू छप्पन्नचा, आणि निवृत्ती चोपन्नला. म्हणजे निवडीनं नाही झालास तर लेफ्टनंट कर्नल म्हणून घरी येशील. मला सत्ताविसाव्या वर्षी, १९९२ मध्ये कमिशन मिळालं, म्हणून शेवटच्या वर्षात कर्नलचं पद कसंबसं हाताला लागलं. जनरल व्हायचं स्वप्न असेल तर आकडे तुझ्या बाजूनं नाहीत. कंपनी चालवायची असेल, शंभर-सव्वाशे माणसांचं बरंवाईट आपल्या शब्दावर असावं असं वाटत असेल, तर ते पुरेपूर मिळतं.

दुसरं, एकटेपण. मला कमिशननंतर दुसऱ्या रेजिमेंटची पलटण मिळाली. पहिल्या रात्री ऑफिसर्स मेसमध्ये जेवताना काट्याचमच्यांची काळजी नव्हती, ते डेहराडूनला शिकवलेलं असतं. पण बाहेर वाढणारा मेस हवालदार माझ्या वयाचा होता, आणि मला सारखं वाटत होतं की उठून त्याच्या हातातलं भांडं घ्यावं. दोन वर्षांनी जुन्या बॅरकमधला मित्र बेळगावला रेजिमेंटल सेंटरमध्ये भेटला. तो तेव्हा नाईक. त्यानं कडक सॅल्यूट मारला आणि ‘राम राम साहेब’ म्हणाला. मी मिठी मारायला पुढे झालो तर तो सावधानमध्येच उभा. तो बरोबर होता, वर्दीत होता, आजूबाजूला रिक्रूट होते. संध्याकाळी साध्या कपड्यांत त्याच्या क्वार्टरवर गेलो, वहिनींनी घावणे केले, तेव्हा कुठे त्यानं मला जुन्या नावानं हाक मारली. तुझ्याही वाट्याला हे येईल. जवानांची बाजू माहीत असल्यानं तू एक तर जास्तच मऊ होशील किंवा, लपवाछपवी ओळखता येते म्हणून, जास्तच कडक. मी पहिली दोन वर्षं कडक होतो आणि त्याचा मला आजही अभिमान नाही.

थोडक्यात क्रम असा लाव. या महिन्यात शीट रोल, नाव, मेडिकल. त्याबरोबरच कंपनी कमांडरचा इंटरव्यू, रीतसर जिन्यानं, आणि एसीसीच्या त्या वर्षीच्या पत्रात वय कोणत्या तारखेला मोजलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी वाचून घे. लेखीसाठी रोज दोन तास, गणित आधी. रात्रीच्या ओळी रोज. घरी आकडे, आणि लग्नाची बोलणी चार वर्षांचा विषय उघडपणे काढून. एसीसी हुकलं तर एससीओ, पण ते डोक्यात आत्तापासून ठेवू नकोस. माणूस दुसरं दार दिसलं की पहिल्याला नीट धक्का देत नाही.

आणि आता ती ओळ. ‘आम्ही पोरांनी ड्रम बांधून अकरा माणसं काढली.’ २२ जुलैला चिपळूणच्या बाजारपेठेत काय झालं होतं ते मला माहीत आहे, माझी बहीण वरच्या मजल्यावर अडकली होती. दुकानंच्या दुकानं बुडाली होती, गाड्या काड्यांसारख्या तरंगत होत्या. त्या पाण्यात ड्रमांचा तराफा घालायला कुणीतरी पहिल्यांदा ‘घालू या’ म्हणालं असणार. कुणीतरी ठरवलं असणार की आधी म्हातारी माणसं की आधी पोरं. प्रवाहाच्या कोणत्या अंगानं जायचं, किती माणसं एका खेपेला, अकरावर का थांबलात. तू लिहिलंस ‘आम्ही’. मला त्यातला तू कोणता ते कळलं नाही, आणि उद्या मुलाखत घेणाऱ्यालाही कळणार नाही.

आजच्या रात्रीच्या ओळी याच्यावरच लिही. इंग्रजीत, चुका झाल्या तरी चालतील. ‘वी’ हा शब्द न वापरता. तू काहीच ठरवलं नसशील, नुसता ड्रम धरून पोहत असशील, तर तसंच लिही, त्यातही लाज नाही. पण माझी अटकळ वेगळी आहे. फौजेत असलेला, सुट्टीवर आलेला माणूस त्या गर्दीत एकटाच असा असतो ज्याच्याकडे बाकीचे बघतात.

लिहिलंस की पाठव मला. आणि एक विचारायचं राहिलं, दोर कुठून आणला होतात?